आजोबांच्या पोटमाळ्यावरचे रॉड आणि रिळे: रॉकेलचा डबा उघडण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीच्या घराची कौले उतरवताना पोटमाळ्यावर आजोबांचे गळाचे सामान निघाले. आजोबा १९५० च्या दशकापासून बोटीवर होते. एका लांब लाकडी पेटीत सहाकोनी बांबूचे तुकडे आहेत, एक मोहरीच्या रंगाचा दोन तुकड्यांचा जाड रॉड आहे आणि एक काळा, हलका रॉड आहे. रिळे, म्हणजे दोरा गुंडाळायची चक्रे, तीन: एक लाल, एक काळे अंड्याच्या आकाराचे आणि एक मोठे, दोन्ही बाजूंना काळ्या चकत्या असलेले. नातवाचे प्रश्न चार आहेत. हे किती जुने? विकले तर किती येतील? रॉकेलमध्ये बुडवून साफ करू का? आणि मिऱ्या बंदरावर नेऊन गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, बसलो तर चालेल का?

मी अलिबागला राहतो. तीस वर्षे खाडीत आणि खडपावर गरवतो आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे ओळखीपाळखीच्या लोकांची रिळे उघडून दुरुस्त करतो आहे. दर पावसाळ्याआधी असे एखादे बोचके माझ्या ओट्यावर येतेच, कारण कोकणात घराघरातले कोणी ना कोणी बोटीवर नाहीतर आखातात होते आणि येताना हे सामान घेऊन आले होते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे चार प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. किंमत ठरते ओळखीवर आणि अवस्थेवर. वापरता येईल का, हे ठरते रॉड कशाचा बनलाय यावर आणि रिळाच्या आत काय उरलेय यावर. आणि घाईने केलेली साफसफाई या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी बिघडवू शकते. त्यामुळे रॉकेल आज नको. आज फक्त मऊ सुती फडक्याने धूळ झाडा आणि प्रत्येक वस्तूचे उजेडात फोटो काढा. रिळाच्या दोन्ही बाजू, रॉडला बसतो तो रिळाचा पाय खालून, रॉडच्या मुठीजवळची अक्षरे, पेटीच्या आतले कागद, सगळे.

हे इतके बजावून सांगण्याचे कारण आहे. माझ्या वडिलांकडे एक पितळी रीळ होते, साधे चाकासारखे. ते गेल्यावर मी प्रेमाने ते चिंच आणि राख लावून घासले आणि देवघरातल्या समईसारखे लखलखीत केले. त्या पितळेवर बारीक अक्षरे कोरलेली होती. आधीच झिजलेली ती अक्षरे माझ्या हाताने पुसली गेली, शेवटची दोन तेवढी उरली. इंग्रजांच्या काळातल्या पितळी रिळांवर पुष्कळदा बनवणाऱ्याचे नाव नसायचे, ज्या दुकानाने ते विकले त्याचे नाव असायचे. म्हणजे ते रीळ कुठल्या शहरातून आमच्या घरी आले, हे सांगणारी ती एकमेव खूण होती. वडिलांनी ते कोणाकडून घेतले, हे आता मला कधीच कळणार नाही. जुन्या धातूवरचा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. तो तसाच राहू द्या.

आता रॉडांकडे वळू. रॉडचे वय शोधण्याआधी तो कशाचा आहे ते शोधा, कारण वापराचे बहुतेक उत्तर तिथेच मिळते.

सहाकोनी बांबूचा रॉड म्हणजे बांबूच्या सहा निमुळत्या कांबी तासून एकमेकींना चिकटवलेल्या असतात. चांगल्या रॉडसाठी चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला टोंकिन नावाचा बांबू वापरत. इंग्लंडात ॲनिक गावच्या हार्डी ब्रदर्सने असे रॉड बनवून नाव कमावले, आणि नदीतल्या महसीर माशासाठी साहेब लोक ते हिंदुस्थानात आणत. तुमच्या तुकड्यांवर मुठीच्या वर हार्डीचे नाव आणि क्रमांक असेल तर लगेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. पण तुमच्या वर्णनातली लाकडी पेटी मला वेगळे सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये बांबूचे रॉड पेटीत घालून मोठ्या प्रमाणावर विकायला काढले होते. पेटीत जास्तीची टोके, रंगीत रेशमी दोऱ्याचे भरपूर वेढे, कधी एखादे छोटे रीळ आणि पिसांच्या माशा, म्हणजे माशीसारखी दिसणारी आमिषेही असायची. योकोहामाला उतरणारे खलाशी आणि अमेरिकन सैनिक ते भेट म्हणून घरी न्यायचे. पेटी उघडली की सामान राजेशाही दिसते, पण त्या रॉडांना बाजारात फारशी किंमत नाही, आणि मासा ओढायला तर ते बहुतेक कामाचेच नसतात. तुमचा रॉड त्यातला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. आजोबांनी तो गरवण्यासाठी नव्हे, आवडला म्हणून घेतला असेल.

बांबूचा रॉड कोणताही असो, जोडून एका टोकाकडून डोळा लावून बघा. बाक आला आहे का? कांबींच्या जोडावर नखाने चाचपडत जा. कुठे फट लागली, हलके वाकवल्यावर बारीक कट् असा आवाज आला, तर आतला सरस सुटला आहे. आपल्याकडचा पावसाळा आणि कौलांखालचे वैशाखातले ऊन या दोन्हींत इतकी वर्षे काढल्यावर ते साहजिक आहे. असा रॉड मिऱ्याच्या धक्क्यावर नेऊ नका. दोन तुकडे एकमेकांत अडकून बसले असतील तर पिळू नका, पिळण्याने कांबी उकलतात. समोरासमोर दोन माणसांनी सांध्याच्या दोन्ही बाजूंना धरून सरळ रेषेत ओढायचे. तरी निघाले नाहीत, तर आत शिरणाऱ्या तुकड्याकडच्या धातूला थोडा वेळ बर्फ लावून पुन्हा ओढायचे. पाणी बांबूवर ओघळू द्यायचे नाही.

मोहरीच्या रंगाचा जाड रॉड फायबर ग्लासचाच असणार. पोकळ फायबर ग्लासचे रॉड १९४० च्या दशकाच्या शेवटी आले आणि पुढची तीस वर्षे जगभर तेच चालले. उन्हाकडे धरा, रंग उडाला असेल तिथून उजेड पाझरताना दिसेल. जिथे ओरखडा असेल तिथे आत पांढरट-पिवळट धागे दिसतील. बुडाचे रबर काढता आले तर आत बघा: पोकळ असेल तर उत्तम, भरीव असेल तर तो जड आणि लवलवता असतो, पण जवळजवळ तुटत नाही. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या ढिगात सर्वांत कामाची वस्तू हीच आहे. जुना फायबर ग्लास आपले हाल सोसतो. गाडीच्या डिकीत आपटला, खडकावर घासला, तरी चिवटपणे वाकतो. नवख्या हातात मासा लागल्यावर रॉड जोरात मागे ओढायची जी चूक हमखास होते, तीही तो पोटात घालतो.

काळा रॉड मात्र नीट तपासा, कारण काळा म्हणजे कार्बन असे नाही. फायबर ग्लासला काळा रंग देऊन विकलेले रॉडही भरपूर आहेत. कार्बनचे रॉड दुकानांत यायला १९७० च्या दशकाचा मध्य उजाडला, म्हणजे तो खरा कार्बनचा असेल तर आजोबांच्या शेवटच्या काही फेऱ्यांतला असणार. ओळखायची सोपी युक्ती सांगतो. इलेक्ट्रिशियनकडचा मल्टिमीटर घ्या आणि वार्निश नसलेल्या उघड्या कडेला, उदाहरणार्थ सांध्याच्या तोंडाला, त्याच्या दोन सुया टेकवा. वीज वाहते असे दाखवले तर कार्बन, नाही दाखवले तर ग्लास.

हीच गोष्ट धोक्याचीही आहे. कार्बन विजेचा वाहक आहे. कोकणात रस्त्याकडेने, शेताच्या बांधावरून, खाडीच्या काठाने विजेच्या तारा किती खाली आलेल्या असतात ते तुम्ही रोज बघता. जोडलेला कार्बनचा रॉड खांद्यावर उभा धरून त्यांच्याखालून चालू नका आणि ढग गडगडायला लागले की तो आडवा ठेवून दूर व्हा. मुलांना देणार असाल तर हे आधी शिकवा. त्याशिवाय, कार्बनला एखादी बारीक खोच पडलेली असली तर तो कसलीही सूचना न देता काडीसारखा मोडतो. म्हणून पूर्ण लांबीवर बोट फिरवत जा.

काळ्या रॉडचा सांधा पाहताना आणखी एक बघा. एका तुकड्यातून निघणारी भरीव खुंटी दुसऱ्यात शिरत असेल तर घट्ट बसवल्यावरही दोन तुकड्यांमध्ये अर्धा-एक सेंटिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे. ती बघून लोक घाबरतात आणि ठोकून बसवायला जातात. ती जागा झिजेसाठी मुद्दाम ठेवलेली असते. ती पूर्ण बुजली असेल तरच काळजी, म्हणजे खुंटी झिजली आणि सांधा ढिला झाला. तात्पुरता उपाय म्हणून खुंटीवर देवघरातल्या मेणबत्तीचे मेण घासा, पुष्कळदा तेवढ्याने काम भागते.

कोणते रीळ कोणत्या रॉडला, हे रॉडवरच्या कड्या सांगतात. आपण त्यांना गाईड म्हणतो. मुठीजवळची पहिली कडी रुपयाच्या नाण्याहून बरीच मोठी आणि पुढे झपाट्याने लहान होत जाणारी असेल, तर तो अंड्यासारख्या रिळाचा रॉड. त्याचा दोरा स्पूलवरून, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या चरखीवरून, वेटोळ्यांनी सुटतो आणि त्या वेटोळ्यांना मोठी कडी लागते. रीळ रॉडच्या खाली लटकते, कड्याही खाली. कड्या लहान आणि संख्येने जास्त असतील, मुठीखाली बोट अडकवायला आकडा असेल, तर वर बसणाऱ्या आडव्या रिळाचा रॉड. टोकाला फिरणारी छोटी चाके असतील तर बोटीमागे आमिष ओढत नेण्यासाठीचा. आणि रीळ बसवायची जागा मुठीच्या अगदी खाली, बुडाशी असेल तर पिसांच्या माशीने मासेमारी करायचा. तुमची पेटीतली बांबूची काठी बहुधा या शेवटच्या जातीची निघेल.

प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा किंवा जुना नायलॉनचा पायमोजा ओढून बघा. धागा अडकला तिथे चीर आहे. ती चीर तुमचा नवा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, एका दुपारी कापून टाकेल आणि तुम्ही दोष तंगुसाला द्याल. एखादी कडी बदलायला फार खर्च येत नाही. पण झटपट चिकटणाऱ्या गोंदाने ती चिकटवू नका. दोऱ्याचे वेढे आणि त्यावर वार्निश, हाच टिकणारा मार्ग.

आता रिळे. माझा जीव यांच्यातच जास्त रमतो, तेव्हा थोडे सांभाळून घ्या.

लाल रीळ ‘अबू’चे ॲम्बॅसडर असणार. अबू ही स्वीडनमधल्या स्वॅन्ग्स्टा गावची कंपनी, १९२१ साली घड्याळांचा कारखाना म्हणून सुरू झालेली. नंतर टॅक्सीचे मीटर केले आणि तिथून रिळांकडे वळली. लाल ॲम्बॅसडर ५००० बाजारात आले १९५२ साली. घड्याळ करणाऱ्यांचा हात त्यात दिसतो: बाजूचे स्क्रू सोडवून चकती बाजूला केली की आतले दातेरी चक्र बघत राहावेसे वाटते. रिळाचा पाय उलटा करून बघा. सहा आकडी क्रमांक असेल तर पहिले दोन आकडे सालाचे आणि पुढचे दोन महिन्याचे. ७६०५ ने सुरुवात असेल तर मे १९७६. आकडा नसेल तर ते असे क्रमांक सुरू होण्याआधीचे असण्याची शक्यता आहे. नावापुढे ‘सी’ असेल तर आत बॉल बेअरिंग आहेत, नसेल तर ब्राँझचे बुश. सोबत तपकिरी चामड्याची डबी मिळाली का? त्यात तेलाची नळी, छोटा पाना आणि जास्तीचे भाग असायचे. ती डबी शोधा. संग्राहकाच्या दृष्टीने तिची भर मोठी असते.

अंड्यासारखे काळे रीळ ‘मिचेल’. फ्रान्समधल्या क्लूझ गावात, आल्प्सच्या पायथ्याशी, ही बनत. तेही घड्याळांच्या भागांचेच गाव. ३०० हा आकडा असेल तर हँडल डाव्या हाताला आणि ३०१ असेल तर उजव्या हाताला. इथे लोक फसतात, ‘हँडल चुकीच्या बाजूला आहे’ म्हणून रीळ उलटे लावून बघतात. ३०२ हे त्याचे थोरले भावंड, समुद्रासाठी. ३०८ धाकटे. मिचेल लाखोंनी विकली गेली, त्यामुळे ती दुर्मीळ नाहीत. पण याचाच दुसरा अर्थ असा की भाग मिळतात. अमेरिकेत विकल्या गेलेल्या रिळांवर गार्सिया हे वितरकाचेही नाव दिसते. आजोबांनी कुठल्या बंदरात घेतले, याचा तो एक धागा होऊ शकतो.

तिसरे, मोठे काळ्या चकत्यांचे, मी ‘पेन’ समजून चालतो. चकतीवर इंग्रजीत फिलाडेल्फिया लिहिले आहे का बघा. ऑटो हेंझ यांनी १९३२ साली तिथे ही कंपनी काढली, आणि त्या चकत्या बेकेलाइटच्या, म्हणजे जुन्या स्विचच्या काळ्या बटणांसारख्या. समुद्रासाठीच बनवलेले हे रीळ. एक धोका तेवढा लक्षात ठेवा. जुन्या पेनमध्ये स्पूलही कधी कधी प्लास्टिकसदृश असते. ते लिननच्या किंवा सुती दोऱ्यासाठी होते. नायलॉन ताणला जातो आणि स्पूलवर गुंडाळल्यावर आकसायला बघतो. मोठ्या माशाशी झुंज झाल्यावर शेकडो वेढ्यांचा तो दाब अशा स्पूलच्या कडा फोडतो. स्पूल धातूचे असेल तर ही चिंता नाही. नसेल तर धातूचे शोधा किंवा रीळ शोकेसमध्ये ठेवा.

नावे आणि आकडे लिहून झाले, फोटो काढून झाले, तर आता रॉकेलची वेळ. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानात टर्पेंटाइन मिळते, तेही चालते. पेट्रोल नको. ते पेट घेते आणि रंग व प्लास्टिक दोन्ही खाते. अख्खे रीळ डब्यात बुडवायचे नाही. जुने ग्रीस पन्नास वर्षांत मेणासारखे घट्ट होते आणि वरून ओतलेले रॉकेल त्याचा चिखल करून बेअरिंगमध्ये ढकलते. रीळ उघडायचे. पांढऱ्या कापडावर, पाट ठेवून, एकेक भाग ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे ठेवायचा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो घ्यायचा. स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा स्क्रूड्रायव्हरच वापरा, नाहीतर पहिल्याच झटक्यात खाच पसरते आणि मग ती वस्तू विकत घेणाऱ्याला चटकन दिसते. स्क्रू निघत नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर वाट बघा. मी चार-चार रात्री वाट पाहिली आहे.

फक्त धातूचे भाग जुन्या दात घासायच्या ब्रशने रॉकेलमध्ये घासायचे, पुसायचे आणि पूर्ण वाळवायचे. दातेरी चक्रांवर ग्रीस, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकेच. दांडे, बुश आणि बेअरिंगला शिलाई मशीनचे तेल, एकेक थेंब. जास्त ग्रीस घातले की रीळ जड फिरते आणि आत वाळू चिकटते. कुलूप सोडवायला जो स्प्रे आपण घरात ठेवतो तो ग्रीसऐवजी मारू नका. तो उडून जातो आणि चक्रे कोरडी पडतात. रॉडची बुचाची मूठ रॉकेलने नव्हे, तर साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ स्पंजने. पॉलिश पेपर घासायचा मोह टाळा.

ड्रॅग हा भाग वेगळा सांगायला हवा. मासा जोरात पळाला की दोरा सुटू देणारा तो ब्रेक. आत चामड्याच्या, नमद्याच्या किंवा टेफ्लॉनच्या चकत्या असतात. आजोबांनी शेवटच्या दिवशी ड्रॅग घट्ट केलेला तसाच राहिला असेल तर चकत्या चेपून दगडासारख्या झाल्या असणार. मग दोरा सुरळीत सुटत नाही, झटके देतो, आणि अशाच झटक्यात गाठ तुटते. चामडे वाळले असेल तर थोडे तेल मुरवून बघा, नाहीतर नव्या चकत्या घाला. पाहण्याची रीत अशी: रीळ रॉडला लावा, दोरा सगळ्या कड्यांतून काढून सामान तोलायच्या काट्याला बांधा आणि हळू ओढा. दोरा तुटण्याच्या ताकदीच्या साधारण चौथ्या हिश्शाला तो सुटायला लागला पाहिजे. तंगूस आठ किलोचा असेल तर काटा दोन किलोच्या आसपास असताना. आकडा थरथरत न राहता एका जागी टिकला तर ड्रॅग बरा.

रिळावरचा जुना दोरा, कितीही चांगला दिसो, काढून टाका. उन्हाने आणि वर्षांनी नायलॉन आतून मरतो. तो बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका, वेटोळे तसेच किनाऱ्यावर गेले तर बगळ्या-कुरव्यांच्या पायात अडकते. पेटीत शिशाचे गोळे असतील आणि त्यांवर पांढरी भुकटी आली असेल तर ती विषारी आहे. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांपासून दूर ठेवा. गंजलेले गळ वापरू नका, पण लाकडी आणि धातूची जुनी आमिषे फेकू नका, त्यांचा वेगळा चाहतावर्ग आहे.

नवा दोरा कोणता? नायलॉनच. हल्ली दुकानदार विणलेला, दोऱ्यासारखा बारीक धागा आग्रहाने देतात. तो मजबूत आहे, पण जुन्या मऊ धातूच्या कड्यांना आणि मिचेलच्या बेलवरच्या रोलरला तो करवतीसारखा खाच पाडतो. बेल म्हणजे दोरा धरणारी तारेची कमान. मोहरीच्या रॉडला मिचेल ३०० आणि ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस, २० ते ४० ग्रॅमचे शिसे, कोळंबीचे आमिष. खाडीच्या मुखाशी शिंगाळा, काळुंदर, लहानशी तांबोशी यांना हे भरपूर आहे. स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून दोनेक मिलिमीटर खाली थांबा.

पहिल्यांदा पाण्यावर नेण्याआधी अंगणात परीक्षा घ्या. सगळ्या कड्यांतून दोरा काढून अर्धा किलो वाळूच्या पिशवीला बांधा आणि हळूहळू उचला. मग एक किलो. झटका द्यायचा नाही. कान रॉडजवळ, आवाज आला की थांबा. रॉडवर इंग्रजी आकडे असतील तर लक्षात ठेवा, एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम आणि एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. औंसात लिहिलेले वजन बहुधा फेकायच्या शिशाचे असते.

मिऱ्याचे उत्तर मग असे. ग्लासचा रॉड आणि मिचेल जरूर न्या. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, पुसणे, सावलीत वाळवणे आणि मग ड्रॅग सैल सोडून ठेवणे. पेन, स्पूल धातूचे असेल तर, बोटीवरून किंवा धक्क्यावरून खोल पाण्यात चालेल. त्याला तुमच्याकडे जोडीचा रॉड नाही, एखादा आखूड दणकट घ्यावा लागेल. लाल अबू खाऱ्या पाण्यापासून दूरच ठेवावे असे माझे मत आहे. आतला भाग सोसेलही, पण लाल थराखाली मीठ शिरले की तो फोडासारखा उठतो आणि पुन्हा कधी बसत नाही. त्याला एखाद्या तलावावर मरळ धरायला न्या. मात्र धरण-तलावांत मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, आधी जाऊन विचारा. पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात तेव्हा गळ टाकू नका, ती अंड्यांनी भरलेली मादी असते. काळा रॉड तपासात पास झाला तर हलक्या कामाला ठेवा. बांबू पेटीतच, पण पोटमाळ्यावर नाही. कापडी पिशवीत, भिंतीवर खिळ्याला सरळ लटकवून, कोपऱ्यात टेकवून नव्हे. टेकवला की बाक येतो.

राहिली किंमत. नक्की आकडा मी सांगणार नाही, कारण तो फोटोवरून सांगणाऱ्यावर मी स्वतःही विश्वास ठेवत नाही. एवढे नक्की की जुने म्हणजे महाग हे समीकरण इथे चालत नाही. लाल अबू चामड्याच्या डबीसह आणि रंग शाबूत असेल तर त्याला खरा गिऱ्हाईक आहे. मिचेल आणि पेन विकून हाती येतील त्यापेक्षा त्यांची सेवा तुम्हाला जास्त मिळेल. कोणी अनोळखी माणूस ‘सगळा लॉट एकत्र द्या, आजच येतो’ म्हणाला तर त्याला आजच येऊ देऊ नका.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा तीन गोष्टी पाठवा: लाल रिळाच्या पायावरचा क्रमांक, मिचेलवरचा आकडा आणि बांबूच्या मुठीवरच्या अक्षरांचा फोटो, तिरप्या उजेडात काढलेला. आणि मिचेलची बेल उघडून हँडल फिरवल्यावर ती आपणहून फटकन बसते की अर्ध्यावर लोंबकळते, तेवढे बघा. लोंबकळत असेल तर बहुधा आतली स्प्रिंग तुटली आहे. तसे असेल तर रीळ उघडू नका, आधी मला कळवा, कारण ती स्प्रिंग उघडताना टुणकन उडते आणि कौलारू घराच्या फटींत गेली की सापडत नाही.